भाषण संपलं तेव्हा दालनाला कुलूप होतं : संग्रहालयातली व्याख्यानं, चित्रपट आणि आपलं नागपूर

अंबाझरीकाठ | रवि, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेय.

मध्यंतरी एका संग्रहालयात मूर्तिकलेवरच्या व्याख्यानाला गेले होते. संग्रहालयाचं नाव लिहीत नाही, कारण हे एका जागेचं दुखणं नाही. वेगवेगळ्या गावांत मला हाच अनुभव आला आहे. वक्ते फार चांगले होते. अभ्यास दांडगा, मराठी गोड, कुठेही पांडित्य मिरवणं नाही. पडद्यावर एकामागून एक मूर्ती येत होत्या आणि साठेक माणसं मन लावून ऐकत होती. शेवटाकडे त्यांनी बुद्धाच्या हाताचं एक चित्र लावलं आणि म्हणाले, बोटांच्या मधल्या फटी बघा. फटी नव्हत्याच. बोटांना जोडणारा पातळ पडदा होता, बदकाच्या पायाला असतो तसा. याला जालांगुली म्हणतात, महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांपैकी हे एक. शिवाय बोटं सुटी राहिली तर पटकन तुटतात, तेव्हा या पडद्याचा मूर्तिकारालाही आधार होतो. पुढे ते सहज म्हणून गेले, "ही मूर्ती याच इमारतीत आहे."

हे ऐकताच सगळ्या सभागृहात चुळबूळ झाली. माझ्या शेजारच्या आजींनी तर चप्पल पायात सरकवली. आभारप्रदर्शन झालं, हार झाला, चहा झाला. आम्ही सातआठ जण लगबगीने दालनाकडे गेलो तर दाराला कुलूप. दालन पाचला बंद होतं आणि भाषण सव्वापाचला सुरू झालं होतं! जाळीच्या दारातून आत अंधारात काचेच्या पेट्या तेवढ्या दिसल्या. आजी जाळीला हात लावून थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. त्या परगावच्या होत्या.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना मी सांगत असते, ऐकलेलं अर्धं, पाहिलेलं पूर्ण. त्या दिवशी आमच्या वाट्याला अर्धंच आलं.

आपल्या नागपुरात अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून उभा आहे. मुंबईतल्या आज नावाजलेल्या संग्रहालयांच्या इमारती त्याच्या नंतरच्या. शहरात ऐकणाऱ्यांची कमी नाही, बोलणाऱ्यांची तर नाहीच नाही. धंतोलीत, सीताबर्डीवर, महालात रोज कुठे ना कुठे व्याख्यान असतंच. पण आपल्याकडचं व्याख्यान वस्तूपासून फार लांब बसून होतं. चित्रपटाचंही तेच. चित्रकारावरचा माहितीपट दाखवायचा तो कुठल्यातरी भाड्याच्या हॉलमध्ये, आसपास एकही चित्र नसताना.

माझं म्हणणं एवढंच आहे : संग्रहालयात भाषण किंवा चित्रपट ठेवला तर त्याच दिवशी, त्याच तिकिटात, ती वस्तू लोकांना बघता आली पाहिजे. भाषणानंतर अर्धा तास दालन उघडं ठेवा.

तुमचे अनुभव लिहा. कुठे चांगलं होतं, कुठे फसतं, आपल्याकडे काय करता येईल. विरोधी मतंही येऊ द्या.

---

महालकर | रवि, रात्री १०:०५

ताई, मनातलं लिहिलं.

मी पहिल्यांदा अजब बंगल्यात गेलो तं चौथीत होतो, आजोबाचं बोट धरून. खेड्यावरून कोणी कोर्टाच्या कामाले नाही तं दवाखान्यात नागपूरले आलं की परत जायच्या आधी अजब बंगला पाहून जायचं, हा रिवाजच होता. भुसा भरलेले प्राणी, शस्त्रं, मूर्ती, गोंडांचे दागिने, सगळं एका फेरीत. माझ्या आजोबाले वाचता येत नव्हतं. ते एका एका पेटीसमोर थांबत अन् स्वतःच्या मनानं मले सांगत. शेतीची अवजारं पाहिली की त्यांचं बोलणं संपतच नव्हतं. आता वाटते, ते माझ्या आयुष्यातलं पहिलं व्याख्यान होतं, अन् तेही वस्तूसमोर उभं राहून.

म्हणून एक सुचवतो. वक्ता म्हटलं की आपण प्राध्यापकच काऊन पाहतो? आपल्या इथं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवणारे सुतार आहेत. मारबत, म्हणजे पोळ्याच्या मिरवणुकीतले मोठे पुतळे, बांधणारे लोक आहेत. बांबूचा सांगाडा कसा उभा करायचा, कागद कसा चढवायचा, एवढं मोठं धूड मिरवणुकीत हलून राहिलं तरी पडत काऊन नाही, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? त्यांना शाल-श्रीफळ देऊन दोन मिनिटांत खाली बसवू नका. तासभर द्या, अन् प्राध्यापकाले जे मानधन देता तेच द्या.

---

ताम्रपट | रवि, रात्री ११:३८

उत्तम धागा. अंबाझरीकाठ ताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नागपूरच्या संग्रहालयासाठी व्याख्यानाचे विषय बाहेरून आणायची गरजच नाही. दोन नमुने देतो.

पहिला गुंगेरियाचा. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे एका जागी पुरलेले सापडले. कुऱ्हाडी, लांब पहारीसारखी हत्यारं, चांदीचे गोल पत्रे आणि बैलाच्या मुखाच्या आकाराचे शिंगवाले पत्रे. साठा पुढे वेगवेगळ्या संग्रहालयांत विभागला गेला. काही भाग लंडनला गेला, काही आपल्या नागपुरात आहे. आता बालाघाट तर मध्य प्रदेशात, मग वस्तू नागपुरात कशा? हा प्रश्न प्रेक्षकांतून हमखास येतो, आणि त्याचं उत्तर म्हणजे या शहराचा इतिहास आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होती. महाकोशल आणि छत्तीसगडातून निघालेल्या वस्तूही इथेच यायच्या. राजधानी गेली, वस्तू राहिल्या. महालकर काकांनी पोळ्याच्या लाकडी बैलाचा विषय काढलाच आहे. तो बैल आणि हजारो वर्षांपूर्वीचे ते चांदीचे बैलमुखी पत्रे शेजारी ठेवून बोललं, तर त्यांच्यात नातं आहे असा दावा न करताही तासभर कोणी जागचं हलणार नाही.

दुसरा वाकाटकांचा, म्हणजे विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याचा. रामटेकजवळ हमलापुरीला सापडलेल्या वाकाटककालीन धातूच्या बुद्धमूर्ती नागपूरच्या संग्रहालयात आहेत. वाकाटक म्हटलं की लोक अजिंठ्याकडे बोट दाखवतात. ते बरोबरच आहे, सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव या मंत्र्याचा लेख आहे. पण ती वत्सगुल्माची, म्हणजे वाशिमची शाखा. दुसऱ्या शाखेची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, आपल्यापासून दीड तासावर. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता इथे राजमाता म्हणून राज्यकारभार पाहत होती. तिचा जो ताम्रपट पुण्याचा म्हणून ओळखला जातो तो दिला गेला नंदिवर्धनाहून. वाकाटकांच्या लेखांचा प्रमाण ग्रंथ महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सिद्ध केला, १९६३ मध्ये. मिराशींनी नागपुरात राहून केलेलं काम नागपूरच्याच मुलांना ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मी पाहिलेलं एक चांगलं प्रात्यक्षिक सांगतो. एका छोट्या कार्यशाळेत शिलालेखाचा ठसा कसा घेतात ते दाखवलं होतं. दगडाची प्रतिकृती होती, मूळ लेख नव्हे. आधी पृष्ठभाग स्वच्छ केला. मग भिजवलेला कागद त्यावर पसरून ताठ केसांच्या ब्रशने ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवला. मधली हवा ब्रशनेच काठाकडे ढकलली. कागद किंचित वाळल्यावर कापडाच्या बोळ्याने शाई थोपटली. उंच भाग काळा झाला, खाचा पांढऱ्या राहिल्या. आणि मग दिसलं ते वाकाटकांच्या लिपीचं वैशिष्ट्य : प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक इवलीशी चौकोनी पेटी. म्हणून तिला पेटिकाशीर्षक म्हणतात. मी पुस्तकात ते शेकडो वेळा वाचलं होतं. पण ओल्या कागदातून ती पेटी वर येताना पाहिली तेव्हा तो खोदणारा माणूस मला पहिल्यांदा जवळचा वाटला. एकेका अक्षराच्या माथ्यावर एवढी मेहनत!

असं प्रात्यक्षिक आणि पलीकडच्या दालनात मूळ वस्तू, यापेक्षा चांगलं व्याख्यान मला सुचत नाही.

---

सरळसाधा | सोम, सकाळी ८:२०

मत थोडं वेगळं आहे, राग नसावा.

व्याख्यानं ठीक आहेत, पण चित्रपट हे संग्रहालयाचं काम आहे का? आधी वस्तूंखालच्या पाट्या नीट करा. कित्येक ठिकाणी पाटीवर "मूर्ती, दगड" एवढंच लिहिलेलं असतं. काळ नाही, गाव नाही. मराठी पाट्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका बघवत नाहीत. पैसा मर्यादित असतो, तो पडदा आणि प्रोजेक्टरवर घालवण्याऐवजी जतनावर आणि पाट्यांवर घाला. चित्रपट लोक घरी मोबाईलवर बघतातच.

---

रीळवाला | सोम, दुपारी १:१५

सरळसाधा, पाट्यांबद्दल शंभर टक्के सहमत. चित्रपटाबद्दल नाही.

मी बरीच वर्षं चित्रपट मंडळांसाठी प्रक्षेपण करतो. आधी १६ मिमी, आता डिजिटल. कलासंग्रहालयात चित्रपट का, याचं उत्तर मराठी सिनेमाच्या जन्मातच आहे. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, रवि वर्म्यांच्या छापखान्याशी त्यांचा संबंध आला, आणि त्यानंतर सिनेमा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. भाऊ आनंदराव यांच्यासोबत कॅमेरा बनवायच्या खटपटीला लागले, आनंदराव १९१६ मध्ये गेल्यावरही बाबूरावांनी तो ध्यास सोडला नाही आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. दामले आणि फत्तेलाल त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि पुढे 'प्रभात' फिल्म कंपनीच्या संस्थापकांत होते. फत्तेलाल तर मुळात चित्रकारच. म्हणजे आपला सिनेमा चित्रकारांनी उभा केला आहे. त्याला संग्रहालयात उपरा का मानायचं?

बाहेरही हा विचार नवा नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९३५ मध्येच चित्रपटांचा विभाग सुरू केला. चित्रांच्या बरोबरीने चित्रपट जमवायचे, जपायचे आणि दाखवायचे. आपल्याकडे चित्रकलेवरचे उत्तम लघुपट फिल्म्स डिव्हिजनने काढले. चित्रकार म. फि. हुसेन यांनी स्वतः केलेल्या लघुपटाला १९६७ मध्ये बर्लिनला गोल्डन बेअर मिळालं. दृष्टी गेल्यावरही काम करत राहिलेल्या विनोदबिहारी मुखर्जींवर सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये केलेला माहितीपट तर चित्रकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावा. मोबाईलवर त्यातली भित्तिचित्रं नखाएवढी दिसतात. भिंतीएवढं चित्र भिंतीएवढंच दिसायला हवं.

आता नेहमी होणाऱ्या चुका. मनापासून सांगतो, कारण दर वेळी त्याच पाहतो.

जुना चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचा असतो. प्रोजेक्टर रुंद चौकटीवर लावलेला असतो आणि चित्र ताणून पडदा भरला जातो. चेहरे फुगतात, माणसं बुटकी होतात. आयोजकांना वाटतं, रिकाम्या काळ्या पट्ट्या बऱ्या दिसत नाहीत. पण ज्या चित्रकाराने ती चौकट इंचाइंचाने बांधली त्याच्या कामाची ती मोडतोड आहे. बाजूच्या पट्ट्या काळ्या राहू द्या.

मूकपट असेल तर त्याचा वेग तपासा. त्या काळात सेकंदाला १६ ते १८ चौकटींच्या आसपास चित्रण व्हायचं. तेच २४ ने चालवलं की माणसं धावायला लागतात आणि लोक हसतात. फाळक्यांच्या १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. योग्य वेगात त्या मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव पाहिले की सभागृह शांत होतं. सोबत एक हार्मोनियम आणि तबला बसवा, वेगळं काही लागत नाही.

तिसरं, पडद्याची खालची कड. संग्रहालयाचं सभागृह बहुधा सपाट जमिनीचं असतं, थिएटरसारखा उतार नसतो. पडदा खाली असला की समोरच्याच्या डोक्यामागे उपशीर्षकं जातात आणि अर्धे लोक माना वाकड्या करून बसतात. पडदा छातीच्या वर उचला आणि खुर्च्या एकाआड एक सरकवून लावा. खर्च शून्य.

आणि परवानगी. घरी चित्रपटाची डीव्हीडी आहे म्हणून ती चारचौघांत दाखवता येत नाही. प्रवेश फुकट ठेवला तरी हक्कधारकाची परवानगी लागतेच, आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्रही पाहावं लागतं. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे फाळक्यांचे चित्रपट त्यातून मोकळे आहेत. पण चांगली प्रत ज्या संस्थेकडे आहे तिच्याकडून ती रीतसर मागावी लागते. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. पत्र लिहा, वेळ हातात ठेवून लिहा.

---

भायखळा_लोकल | सोम, संध्याकाळी ७:४४

मूळचा रामदासपेठेचा, आता मुंबईत. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, म्हणजे आपल्या अजब बंगल्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटं. नूतनीकरणानंतर २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि मग तिथे जाणं येणं वाढलं. मी मराठी फेरीत गेलोय. फिरवणारी मुलगी आधी दहा मिनिटं एका मातीच्या प्रतिकृतीसमोरच थांबली. बाकी काय काय सांगितलं ते विसरलो, ती प्रतिकृती विसरलो नाही. थोड्या वस्तू, जास्त वेळ, हे मला फार पटलं.

---

खामला_आई | मंगळ, सकाळी ११:०२

आमच्या घरचं सांगते. सासूबाईंना अशा कार्यक्रमांची फार आवड, पण गुडघ्यांमुळे दालनात उभं राहवत नाही. हलकी घडीची स्टुलं दारात ठेवली तर कितीतरी ज्येष्ठ येतील. दुसरं, वेळ. मे महिन्यात दुपारी चारला कार्यक्रम ठेवून नागपुरात कोण येणार? पंचेचाळीस अंशांत माणूस सभागृहात पोचेपर्यंतच अर्धा होतो. आणि कूलर लावला की त्याच्या घरघरीत वक्त्याचं बोलणं बुडतं, मागच्या तीन रांगांना काही कळत नाही. उन्हाळ्यात सकाळी साडेआठ, हिवाळ्यात संध्याकाळी, असं का नसावं?

शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणीही यायला तयार असतात. पूर्ण भाषांतर नको, वक्त्यांनी मधूनमधून चार वाक्यं हिंदीत सांगितली तरी त्यांना धागा सापडतो.

---

जुने_दालन | मंगळ, रात्री ९:५०

मी एका संग्रहालयातून निवृत्त झालो आहे. सगळं वाचलं. ताईंची तळमळ समजते, त्या आजींचं वाचून वाईटही वाटलं. पण कुलपाच्या आतली बाजूही कोणीतरी सांगायला हवी.

दालन बंद करणं म्हणजे कडी लावणं नव्हे. प्रत्येक पेटी बघायची, वहीत नोंद करायची, दाराला सील लावायचं, दोघांच्या सह्या करायच्या, किल्ल्या जमा करायच्या. हे सगळं ठरलेल्या वेळी होतं. अर्धा तास पुढे ढकलायचा म्हणजे सुरक्षा कर्मचाऱ्यांची पाळी बदलायची, त्याला वरून लेखी मंजुरी लागते. अंधार पडल्यावर पन्नास लोक दालनात आणि राखणीला दोन माणसं, अशा वेळी काही गेलं किंवा फुटलं तर चौकशी त्या दोन माणसांचीच होते. माझ्या एका सहकाऱ्याने अशी चौकशी भोगली आहे. त्याची चूक नव्हती, तरी त्याला वर्षभर झोप नव्हती.

प्रकाशाचंही आहे. कागदावरची चित्रं आणि कापड यांना ५० लक्सच्या आसपासच उजेड चालतो, म्हणजे साध्या खोलीच्या उजेडापेक्षा बराच कमी. म्हणून दालन अंधारं वाटतं. लोक तक्रार करतात, पण रंग एकदा उडाला की परत येत नाही. त्यामुळे चित्रांच्या दालनातच पडदा लावून चित्रपट दाखवा असं कोणी म्हटलं तर मी हात जोडून नको म्हणेन. गर्दी, उष्णता, धूळ, वर खाणंपिणं. चित्रपट सभागृहातच हवा.

यावर एक उपाय आहे : क्रम उलटा करा. चारला दालनात जमा, पाचपर्यंत वस्तू बघा, मग सभागृहात भाषण. मंजुरी नको, जादा पाळी नको, सील वेळेवर.

---

अंबाझरीकाठ | बुध, रात्री ८:३०

जुने_दालन काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चौकशीचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. मूळ लेखात मी कुलपावर रागावून लिहिलं, त्या माणसांचा विचार केला नाही, हे मान्य करते.

तरी क्रम उलटा करायला मन तयार होत नव्हतं. ऐकल्यावर डोळा बदलतो, असं मला वाटतं. नुसतं वाटण्यावर सोडायचं नाही म्हणून आज करून पाहिलं. शाळेची सहल आधीच ठरलेली होती, आठवीची चौदा मुलं होती. एका दगडी मूर्तीसमोर त्यांना दहा मिनिटं बसवलं आणि चित्र काढायला सांगितलं, काही न बोलता. मुलांनी मुकुट काढला, हातातली आयुधं काढली, चेहऱ्यावर मेहनत घेतली. मग मी त्यांना बाजूला नेलं आणि सांगितलं की अशा मूर्ती कोणीतरी स्वतःच्या पैशाने करवून घ्यायचं, आणि कधी कधी शिल्पकार त्या माणसाला मूर्तीच्या पायाशी, वीतभर उंचीचं, हात जोडून बसलेलं कोरायचा. पुन्हा त्याच मूर्तीसमोर नेलं. चौदाच्या चौदा मुलं खाली वाकली! डाव्या पायाशी ती छोटी आकृती होती, नाक झिजलेलं, अंबाड्याची गाठ मात्र स्पष्ट. पहिल्या चित्रांत ती एकाच मुलीने काढली होती, तीही नुसता गोळा म्हणून. दुसऱ्या वेळी एकाने सगळी मूर्ती सोडून फक्त तीच काढली. म्हणाला, "मॅडम, ही बाई हजार वर्षं इथंच बसून आहे."

म्हणून आता माझा आग्रह असा. क्रम उलटा करा, पण पाचच्या आत दोनदा बघायला मिळू द्या. पावणेचारला दालनात नुसतं बघा. सव्वाचारला तिथेच वक्त्याने एकाच वस्तूबद्दल वीस मिनिटं बोलावं, पंचवीसच माणसं, लहान ध्वनिक्षेपक, आजींसाठी स्टूल. मग पाचपर्यंत पुन्हा बघा. सभागृहातलं मोठं भाषण किंवा चित्रपट त्यानंतर. सील वेळेवर लागेल आणि कोणी जाळीशी उभं राहणार नाही.

---

जुने_दालन | बुध, रात्री ९:०५

हे जमण्यासारखं आहे. पंचवीसची मर्यादा कटाक्षाने पाळा, बाकीच्यांची दुसरी तुकडी करा. आणि लेखी अर्जात वेळापत्रक मिनिटांसकट द्या. अधिकाऱ्याला नाही म्हणायचं कारण उरलं नाही की सही लवकर होते.

---

सरळसाधा | बुध, रात्री १०:१८

अंबाझरीकाठ, तुमचा मुलांचा अनुभव वाचून पाट्यांबद्दलचं माझं मत जास्त पक्कं झालं आणि चित्रपटाबद्दलचं थोडं सैल झालं. त्या मूर्तीच्या पाटीवर "पायाशी दान देणाऱ्या स्त्रीची आकृती" एवढी एक ओळ असती तर रोज येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसली असती, भाषण असो नसो. तर असं करूया का? प्रत्येक व्याख्यानानंतर त्या वस्तूसाठी शुद्ध मराठीत पाच ओळींची पाटी लिहून संग्रहालयाला द्यायची. वक्ता तपासून देईल. शुद्धलेखन मी बघतो, तीस वर्षं मुद्रितशोधन केलं आहे. भाषण संपून जातं, पाटी राहते.

---

ताम्रपट | बुध, रात्री १०:४०

सरळसाधा, ही या धाग्यातली सगळ्यात मोलाची सूचना आहे. हमलापुरीच्या मूर्तींसाठी पहिला मसुदा मी लिहितो. रविवारपर्यंत इथेच टाकेन, सगळ्यांनी कात्री चालवा.

---

महालकर | गुरु, सकाळी ७:१५

हाव, अन् मी बैलवाल्या सुतारदादाशी बोलून आलो. पहिले म्हणाले, मले बोलता येत नाही. मी म्हटलं, बोलू नका, घडवा, लोकं विचारतील तेव्हा सांगा. तयार झाले. फक्त एक अट आहे त्यांची. लाकूड त्यांना आदल्या दिवशी पाहिजे, ओलं नको.

---

रीळवाला | गुरु, दुपारी १२:३०

त्याच दिवशी संध्याकाळी एखादा लघुपट जोडता येईल. माझा प्रोजेक्टर आणि पडदा आहे, भाडं नको. खिडक्यांना लावायला काळं कापड तेवढं इतवारीतून आणावं लागेल. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा कापडाशिवायही भागेल. परवानगीचं पत्र मी लिहितो.

---

खामला_आई | गुरु, दुपारी ३:२०

दहा स्टुलं आमच्या सोसायटीतून मिळतील. सासूबाईंनी स्वतःच फोन करून ठरवलं.

---

अंबाझरीकाठ | गुरु, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज, परवानग्या होईपर्यंत वेळ जाईल, तोवर थांबायला नको. या शनिवारी आपण साध्या प्रेक्षकांसारखं तिकीट काढून अजब बंगल्यात जाऊ. भाषण नाही, माईक नाही. ताम्रपट वाकाटकांच्या बुद्धासमोर उभे राहतील आणि कोणी विचारलं तर सांगतील. सरळसाधा, वही घेऊन या, पाट्या उतरवून घ्यायच्या आहेत. मुलांना आणलंत तर कोरे कागद आणि पेन्सिली मी आणते, पेन मात्र नको, आत शाई चालत नाही.

साडेतीनला फाटकापाशी असेन. निळी छत्री.